सगळ्यात भारी एपिसोड कोणता? 'फॉल्टी टॉवर्स'चे १२ भाग आणि क्रमवारीची भानगड

'फॉल्टी टॉवर्स' या ब्रिटिश विनोदी मालिकेचे एकूण भाग १२. प्रत्येक भाग साधारण अर्ध्या तासाचा, म्हणजे अख्खी मालिका एका रविवारात बघून संपते. मग या १२ भागांना १ ते १२ क्रमांक द्यायला किती वेळ लागावा? दहा मिनिटं? करून बघा. पहिला आणि शेवटचा पटकन ठरतो. मधले आठ-नऊ मात्र जागेवर बसतच नाहीत. सहावा आणि सातवा यांची अदलाबदल केली तर काही बिघडतं का, हे तुमचं तुम्हालाच सांगता येत नाही.

मला हा प्रश्न आवडतो याचं कारण माझ्या कामात आहे. माझी पीएचडी अन्नपदार्थांच्या संवेदी मूल्यमापनावर आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर माणसांना नमुने चाखायला द्यायचे आणि कुठला किती आवडला हे मोजायचं. ("म्हणजे तू दिवसभर लोकांना पेढे खायला घालतेस?" असं घरचे विचारतात. हो, जवळजवळ तसंच.) आवड मोजण्यातल्या सगळ्या अडचणी या मालिकेत भेटतात, आणि एक अडचण मुळीच येत नाही: सॅम्पलिंगची. १२ च भाग बनले, तेरावा कधी निघाला नाही. अख्खी पॉप्युलेशन तुमच्या हातात आहे. तरीही क्रमवारी लागत नाही, म्हणजे दोष डेटा कमी असण्याचा नाही.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जॉन क्लीज आणि कॉनी बूथ या दोघांनी ती लिहिली. पहिले सहा भाग १९७५ मध्ये बीबीसी टू वर आले, पुढचे सहा १९७९ मध्ये. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या टॉर्की गावातलं एक छोटं हॉटेल, त्याचा तिरसट, उच्चभ्रूंपुढे लोटांगण घालणारा मालक बेसिल फॉल्टी (स्वतः क्लीज), त्याला धाकात ठेवणारी बायको सिबिल (प्रुनेला स्केल्स), सगळं सावरून नेणारी पॉली (स्वतः बूथ), आणि इंग्रजी न समजणारा स्पॅनिश वेटर मॅन्युएल (अँड्र्यू सॅक्स). प्रत्येक भागात एक छोटं खोटं बोललं जातं, ते लपवायला दुसरं, मग तिसरं, आणि शेवटी सगळा डोलारा बेसिलच्याच डोक्यावर कोसळतो. कल्पना क्लीज यांना सुचली ती १९७० मध्ये मॉन्टी पायथन मंडळींबरोबर टॉर्कीच्याच एका हॉटेलात राहिल्यावर. तिथला मालक खरोखरच पाहुण्यांवर खेकसायचा म्हणे.

आता मुद्द्यावर येऊ.

नेमकं काय मोजतोय?

'चांगला भाग' म्हणजे काय? जास्त हसवणारा? की ज्याची गोष्ट घट्ट विणलेली आहे तो? की पुन्हा पुन्हा बघावासा वाटतो तो? संशोधनात याला आपण कन्स्ट्रक्ट ठरवणं म्हणतो, आणि प्रपोजलच्या प्रेझेंटेशनमध्ये सगळ्यात जास्त विद्यार्थी इथेच अडकतात. "मी समाधान मोजणार आहे," म्हणतात. कसलं समाधान, कधीचं, कुणाचं, हे विचारलं की शांतता.

समजा आपण ठरवलं, हशा मोजू. मालिका प्रेक्षकांसमोर स्टुडिओत चित्रित झाली, हशा रेकॉर्ड झालेला आहे. कोणत्या भागात किती सेकंद हशा आहे ते मोजलं की झालं, वस्तुनिष्ठ आकडा मिळाला! पण दुसऱ्या भागाबद्दल, 'द बिल्डर्स'बद्दल, क्लीज यांनी सांगितलेली एक आठवण ऐका. त्या दिवशी आइसलँडच्या प्रसारण संस्थेची बरीच मंडळी भेटीला आली होती आणि त्यांना पुढच्या रांगांत बसवलं होतं. ती छान, सभ्य माणसं शांत बसून राहिली. भाग कमी विनोदी होता की प्रेक्षक वेगळे होते? हशाच्या सेकंदांवरून हे कधीच कळणार नाही. ज्याला आपण भागाचा गुण समजलो तो त्या संध्याकाळच्या खुर्च्यांचा गुण असू शकतो. वस्तुनिष्ठ दिसणारा आकडा वैध असेलच असं नाही.

दुसरी अडचण आणखी खोल आहे, आणि तिचं उत्तम उदाहरण म्हणजे सगळ्यात प्रसिद्ध भाग, 'द जर्मन्स'.

कुणालाही या भागाबद्दल विचारा. सांगतील: डोक्याला मार लागलेला बेसिल जर्मन पाहुण्यांसमोर युद्धाचा विषय काढायचा नाही असं ठरवतो आणि प्रत्येक वाक्यात तोच काढतो, शेवटी पाय हवेत फेकत हिटलरसारखी कवायत करतो. बरोबर आहे. पण हा प्रसंग भागाच्या अगदी शेवटच्या टप्प्यात येतो. त्याआधी बराच वेळ काय चालू असतं? सिबिल नखाच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात, बेसिल भिंतीवर हरणाचं भलंमोठं मुंडकं टांगतोय, मग आगीची तालीम, तालीम चालू असताना स्वयंपाकघरात खरोखरची आग, आणि "तालीम आहे" म्हणून मॅन्युएलला पुन्हा आत कोंडणं. यातलं आगीचं प्रकरण माझ्या मते जर्मन पाहुण्यांच्या प्रसंगापेक्षाही सरस आहे. (त्या दृश्यात धूर दिसावा म्हणून कपड्यांना रसायन लावलं होतं आणि सॅक्सना खरंच भाजलं. ते स्वतः बर्लिनमध्ये जन्मलेले, १९३८ मध्ये नाझींपासून वाचायला कुटुंबाबरोबर इंग्लंडला आलेले. हे माहीत झाल्यावर हा भाग वेगळाच दिसायला लागतो.)

तर लोक 'द जर्मन्स'ला पहिला क्रमांक देतात तेव्हा ते अर्ध्या तासाला देतात की शेवटच्या काही मिनिटांना? डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दाखवलं की एखादा अनुभव आठवून त्याला गुण देताना आपण त्यातला सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट या दोन गोष्टींवर फार भिस्त ठेवतो. तो अनुभव किती वेळ चालला याला मनात फारसं वजन नसतं. 'द जर्मन्स'मध्ये तीव्र क्षण आणि शेवट एकाच ठिकाणी आहेत. या मोजपट्टीवर तो जिंकणारच. म्हणून माझा आग्रह असतो: आठवणीवरून क्रमवारी लावलीत तर तसं लिहा, ताजं बघून लावलीत तर तसं लिहा. ही दोन वेगवेगळी मोजमापं आहेत.

आणि मोजपट्टी काळानुसारही सरकते. याच भागात मेजर वेस्ट इंडीजच्या खेळाडूंबद्दल वर्णद्वेषी शब्द वापरतो. जून २०२० मध्ये यूकेटीव्हीने हा भाग आपल्या सेवेवरून काढला आणि ओरड झाल्यावर सूचना जोडून परत आणला. मेजरची टर उडवली जाते आहे, असं क्लीज यांचं म्हणणं. ते पटो वा न पटो, १९७५ च्या आणि आजच्या प्रेक्षकाने दिलेले गुण एकाच रकान्यात लिहून सरासरी काढणं मला तरी जमणार नाही.

दहापैकी किती?

सगळ्यात सोपा रस्ता: प्रत्येकाने प्रत्येक भागाला दहापैकी गुण द्यायचे आणि सरासरी काढायची. आमच्या क्षेत्रात नऊ बिंदूंची हेडॉनिक स्केल वापरतात, 'अतिशय नावडलं'पासून 'अतिशय आवडलं'पर्यंत. अमेरिकी सैन्याच्या जेवणाचा अभ्यास करताना ती १९५० च्या सुमारास तयार झाली आणि आजही चालते. तिचा दोषही तेवढाच जुना आहे.

समजा तीन जण आहेत. पहिले दोघं 'द जर्मन्स'ला १० आणि 'द किपर अँड द कॉर्प्स'ला ९ देतात. तिसरा हात आखडता घेणारा आहे, तो 'जर्मन्स'ला ४ आणि 'किपर'ला ९ देतो. सरासरी: 'जर्मन्स' ८, 'किपर' ९. तिघांपैकी दोघांना 'जर्मन्स' जास्त आवडला, पण यादीत वर 'किपर'. तिसऱ्याने स्केलचा जास्त भाग वापरला म्हणून त्याच्या मताला जास्त वजन मिळालं. त्याने काही लबाडी केली नाही, त्याचं ९ आणि ४ मधलं अंतर त्याच्यापुरतं खरं असेल. पण त्याचे पाच गुण आणि बाकीच्यांचा एक गुण यांचं माप एकच आहे, हे कुणी तपासलं?

हे वाचताना तुम्हाला पीएचडी प्रवेशाची मुलाखत आठवली असेल तर बरोबर आठवली. माझी एक मैत्रीण एका विद्यापीठात (नाव सांगत नाही) अर्ध्या गुणाने प्रतीक्षा यादीत राहिली. पॅनेलवर पाच जण होते. त्यातल्या एकाचे गुण इतरांपेक्षा कितीतरी पसरट असतील तर ती यादी जवळजवळ त्या एकाचीच यादी असते, बाकीचे चौघं फक्त हजर असतात. उपाय अवघड नाही. प्रत्येक परीक्षकाच्या गुणांतून त्याची स्वतःची सरासरी वजा करा, त्याच्या स्वतःच्या प्रमाण विचलनाने भागा, मगच एकत्र करा. एक्सेलमध्ये पाच मिनिटांचं काम आहे. उद्या पोस्टर स्पर्धेत, परवा प्रवेश समितीवर तुम्हालाच गुण एकत्र करायला बसवतील, तेव्हा हे करा.

आयएमडीबीसारख्या ठिकाणचे गुण वापरू नका का? वापरा, पण तिथे बाराही भागांना गुण देणारे कोण हे लक्षात ठेवा. ज्याला पहिले दोन भाग आवडले नाहीत तो दहाव्या भागापर्यंत पोचतच नाही. म्हणजे नंतरच्या भागांना गुण देणारे आधीच प्रेमात पडलेले असतात.

६६ जोड्या

मला स्वतःला आवडणारी पद्धत वेगळी. दहापैकी किती हे माणसाला नीट सांगता येत नाही, पण दोन गोष्टी समोर ठेवून "यातलं कुठलं?" विचारलं तर पटकन सांगता येतं. लुई थर्स्टन यांनी १९२७ मध्ये यावर पूर्ण सिद्धांत मांडला. १२ भागांच्या जोड्या होतात १२ × ११ ÷ २ = ६६. याउलट १२ भागांच्या शक्य क्रमवाऱ्या किती? ४७ कोटी ९० लाख १ हजार ६००. या ढिगातून एक क्रमवारी थेट उचलण्यापेक्षा ६६ साध्या प्रश्नांची उत्तरं देणं डोक्याला झेपतं.

मी हे केलं. सगळे भाग एका आठवड्यात पुन्हा पाहिले, मग ६६ चिठ्ठ्या करून उलटसुलट क्रमाने काढल्या. प्रत्येक भागाने किती जोड्या जिंकल्या ते असं: 'द किपर अँड द कॉर्प्स' ११. 'कम्युनिकेशन प्रॉब्लेम्स', 'गूर्मे नाइट' आणि 'बेसिल द रॅट' प्रत्येकी ९. 'द जर्मन्स' ७, 'वॉल्डॉर्फ सॅलड' ६, 'द हॉटेल इन्स्पेक्टर्स' ५. 'द ॲनिव्हर्सरी', 'द वेडिंग पार्टी' आणि 'अ टच ऑफ क्लास' प्रत्येकी ३. 'द सायकायट्रिस्ट' १, 'द बिल्डर्स' ०. बेरीज ६६, म्हणजे हिशोब जुळला.

आता ते तीन ९ बघा. हे कसं झालं? 'कम्युनिकेशन प्रॉब्लेम्स' आणि 'गूर्मे नाइट' यांत मी पहिला निवडला, कारण त्याची गोष्ट जास्त घट्ट आहे: बॅटरी वाचवायला कानातलं यंत्र बंद ठेवणाऱ्या मिसेस रिचर्ड्स, बेसिलने घोड्यांच्या शर्यतीत सिबिलपासून लपवून जिंकलेले पैसे, आणि "तुला काहीच माहीत नाही" ही बेसिलची सूचना शब्दशः पाळणारा मॅन्युएल. 'गूर्मे नाइट' आणि 'बेसिल द रॅट' यांत 'गूर्मे नाइट', कारण बंद पडलेल्या गाडीला बेसिल झाडाची फांदी आणून झोडपतो त्या दृश्याला तोड नाही. आणि 'बेसिल द रॅट' विरुद्ध 'कम्युनिकेशन प्रॉब्लेम्स'? इथे 'बेसिल द रॅट', कारण त्याचा शेवट: आरोग्य निरीक्षकासमोर बिस्किटांचा डबा उघडला जातो आणि आत उंदीर बसलेला.

म्हणजे क ने ग ला हरवलं, ग ने ब ला, ब ने क ला. चक्र झालं! क्रमवारीत याला जागाच नाही.

मॉरिस केंडॉल आणि बॅबिंग्टन स्मिथ यांनी १९४० मध्ये अशी चक्रं मोजायची रीत दिली. प्रत्येक भागाच्या विजयांची संख्या घ्या, तिला तिच्याहून एक कमी असलेल्या संख्येने गुणा, दोनने भागा. सगळ्या भागांची बेरीज करा. माझी बेरीज: ११ विजयांचे ५५, तीन ९ चे १०८, ७ चे २१, ६ चे १५, ५ चे १०, तीन ३ चे ९. एकूण २१८. १२ भागांतून तीन-तीनचे गट होतात २२०. फरक २, म्हणजे माझ्या उत्तरांत दोन चक्रं आहेत, एक वरच्या तिघांत आणि एक खालच्या तिघांत. १२ वस्तूंसाठी जास्तीत जास्त ७० चक्रं शक्य असतात, आणि कुणी नाणं उडवून उत्तरं दिली तर सरासरी ५५ येतात. तेव्हा २ म्हणजे उत्तरं भलतीच सुसंगत आहेत.

विद्यार्थी पहिल्यांदा असं चक्र बघतात तेव्हा त्यांना वाटतं, डेटा खराब आहे, ही तीन उत्तरं काढून टाकू. थांबा. माझ्या तीन उत्तरांमागची कारणं परत वाचा: घट्ट गोष्ट, एक दृश्य, शेवट. प्रत्येक जोडीत मी निकष बदलला. चक्र सांगतंय की 'चांगला भाग' ही एका रेषेवर मोजायची गोष्ट नाही, तिला निदान तीन मिती आहेत. एवढी कामाची माहिती दहापैकी गुणांनी दिली असती का? तिथे मी तिघांनाही ९ देऊन मोकळी झाले असते. आमच्या पॅनेलमध्येही असंच होतं. एक पेढा गोडीवर जिंकतो, दुसरा खव्याच्या वासावर, तिसरा तोंडात विरघळण्यावर.

जोड्यांच्या उत्तरांतून पुढे आकडे काढायचे असतील तर ब्रॅडली आणि टेरी यांचं १९५२ चं मॉडेल वाचा. प्रत्येक वस्तूला एक छुपी ताकद आहे असं मानायचं. एकीची ताकद ३ आणि दुसरीची १ असेल तर पहिली ४ पैकी ३ वेळा जिंकेल, एवढी साधी कल्पना. बुद्धिबळातलं एलो रेटिंग याच कुळातलं. यात फायदा असा की ताकदीबरोबर तिची अनिश्चितताही मिळते, आणि दोन भागांच्या पट्ट्या एकमेकींवर चढल्या असतील तर "सहावा की सातवा" हा वाद घालायला आधारच नाही हे सरळ दिसतं. एकाच माणसाच्या एकाच फेरीवर हे मॉडेल चालवू नका मात्र. त्याला बरीच उत्तरं लागतात, आणि 'किपर'सारखा एकही जोडी न हरलेला भाग असला तर त्याची ताकद अनंताकडे धावते.

माणसं वाढली की

एका माणसाच्या डोक्यात चक्र होऊ शकतं, मग अनेक माणसं आली की काय होईल? गंमत म्हणजे प्रत्येक माणूस पूर्ण सुसंगत असला तरी गट असंगत होऊ शकतो. पहिल्याचा क्रम: किपर, जर्मन्स, रॅट. दुसऱ्याचा: जर्मन्स, रॅट, किपर. तिसऱ्याचा: रॅट, किपर, जर्मन्स. बहुमत घ्या. किपर जर्मन्सला २–१ हरवतो, जर्मन्स रॅटला २–१, रॅट किपरला २–१. फ्रेंच गणिती कोंदोर्से यांनी हे १७८५ मध्ये लिहून ठेवलं आहे.

मग क्रमांकांना गुण देऊन बेरीज करू? ही बोर्दा यांची रीत, तीही अठराव्या शतकातलीच. पाच जण घ्या. तिघांचा क्रम किपर, जर्मन्स, रॅट. दोघांचा जर्मन्स, रॅट, किपर. पहिल्याला २, दुसऱ्याला १, तिसऱ्याला ०. किपर ६, जर्मन्स ७, रॅट २. जर्मन्स जिंकला. आता रॅट यादीतून काढा, कारण तो तसाही शेवटचा आहे. उरलेल्या दोघांत पाचपैकी तिघांचा कौल किपरला! शेवटच्या क्रमांकाचा भाग यादीत आहे की नाही यावर पहिला क्रमांक बदलला. केनेथ अॅरो यांनी १९५१ मध्ये सिद्ध केलं की तीन किंवा जास्त पर्याय असले तर क्रमवाऱ्या एकत्र करायची अशी कुठलीच पद्धत नाही, जी काही अगदी साध्या, वाजवी अटी एकाच वेळी पाळेल आणि एका माणसाची हुकूमशाही पण होऊ देणार नाही. तेव्हा 'योग्य पद्धत कोणती' हा प्रश्न सोडा. कुठली अट मोडलेली चालेल ते आधी ठरवा, आणि डेटा बघायच्या आधी लिहून ठेवा.

कुणाला विचारलं यानेही किती फरक पडतो बघा. २००० मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने टीव्ही क्षेत्रातल्या मंडळींचा कौल घेऊन ब्रिटनच्या १०० सर्वोत्तम कार्यक्रमांची यादी केली. त्यात 'फॉल्टी टॉवर्स' पहिली. २००४ मध्ये बीबीसीने विनोदी मालिकांसाठी जनतेचा कौल घेतला. त्यात 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस' पहिली आणि 'फॉल्टी टॉवर्स' पाचवी. मालिका तीच, एक फ्रेमही बदललेली नाही. आणि त्या सगळ्याच्या आधी, पहिल्या भागाची संहिता बीबीसीत गेली तेव्हा ती वाचणाऱ्या अधिकाऱ्याने लेखी शेरा दिला होता की यात ठोकळेबाज पात्रं आहेत आणि हे सपशेल आपटणार. एक रिव्ह्यूअर, एक रिपोर्ट. पेपर रिजेक्ट झाल्यावर मी हा शेरा मैत्रिणींना आवर्जून सांगते. अर्थात तो सांगितल्याने पेपर सुधारत नाही, रिव्ह्यूअर दोनचं म्हणणं तरीही वाचावंच लागतं.

तुम्हाला करायचं असेल तर

सुट्टीत हे करून बघाच, एका छोट्या प्रकल्पाचं सगळं त्यात आहे. दोन गोष्टींची काळजी घ्या. एक, बघायचा क्रम. आम्ही नमुन्यांना तीन आकडी कोड देतो, प्रत्येकाला वेगळ्या क्रमाने देतो आणि मध्ये पाण्याने चूळ भरायला लावतो, कारण पहिला घास आणि भुकेला माणूस एकत्र आले की गुण फुगतात. एपिसोडला कोड देता येत नाही, पण क्रम बदलता येतो, आणि सलग चार भाग बघणं टाळता येतं. चौथ्या भागात मॅन्युएलच्या डोक्यावर बसणारी टपली आधीसारखी हसवत नाही. दोन, पंधरा दिवसांनी ६६ जोड्या परत करा, पहिल्या चिठ्ठ्या न बघता. जुळणाऱ्या जोड्यांतून न जुळणाऱ्या वजा करा, ६६ ने भागा. सहा जोड्या फिरल्या असतील तर (६० − ६) ÷ ६६, म्हणजे ०.८२. केंडॉलच्या टाऊची कल्पना हीच. तुम्ही स्वतःशी किती सहमत आहात हे माहीत नसताना दुसऱ्याशी सहमतीचा आकडा काढण्यात अर्थ नाही.

आता सगळे विचारतात म्हणून माझी यादी. १ ते १२ मी देणार नाही, गट देते. पहिल्या गटात एकटा 'किपर'. रात्रीत मेलेल्या पाहुण्याला बेसिल न्याहारी नेऊन देतो, तो उत्तर देत नाही म्हणून त्याच्या उद्धटपणावर बडबडतो, आणि मग आपल्या शिळ्या माशाने माणूस मेला अशी खात्री करून घेतो. पुढे प्रेत लपवण्याची जी धावपळ होते त्यात एकही दृश्य फुकट नाही. दुसऱ्या गटात ते चक्रातले तिघं. तिसऱ्यात 'जर्मन्स', 'वॉल्डॉर्फ सॅलड' आणि 'हॉटेल इन्स्पेक्टर्स'. मग खालचं चक्र, त्यात 'ॲनिव्हर्सरी' दर वेळी थोडा वर सरकतो, कारण बेसिलने त्यात पहिल्यांदाच बायकोसाठी काहीतरी चांगलं करायचं ठरवलेलं असतं आणि त्याचंच वाटोळं होतं. 'सायकायट्रिस्ट' अकरावा. त्यात बेसिलच्या चोरून बघण्याचा विनोद एकदा, दोनदा ठीक, पण तो ताणला आहे.

'द बिल्डर्स' शून्यावर आहे. ६६ चिठ्ठ्यांतल्या त्याच्या अकरा चिठ्ठ्या काढताना आइसलँडची गोष्ट मला आधीच माहीत होती. भाग खरंच कमी जमलाय, की पुढच्या रांगांची ती शांतता माझ्याही कानावर पडत होती? तपासायचं तर हशाचा आवाज काढून टाकलेल्या प्रती हव्यात, बाराही भागांच्या, आणि ही गोष्ट कधीच न ऐकलेले निदान वीस-पंचवीस प्रेक्षक. तुम्ही आता त्यात बसत नाही.